नोंदवहीतले आजारी

९ जानेवारी, सोमवार

नातीच्या जुन्या वह्या रद्दीत घालायला काढल्या, तर ही निम्म्याहून जास्त कोरी निघाली. पुढच्या पानांवर गुणाकार आहेत, त्यातले सात चुकलेले. कोरी पानं टाकवत नाहीत. घरखर्चाची वही वेगळी आहे, पण तिच्यात मनातलं लिहायला रकाना नाही. म्हणून हे इथे.

कुणी वाचणार नसलं तरी आधी आपली माहिती लिहावी. मी मॅट्रिक पास. या घरात एवढी शिकलेली सून मीच पहिली, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या आणि लगेच "पण आळशी नाही हो" असंही जोडायच्या. खाली आमचं औषधांचं दुकान, वर आम्ही राहतो. दुकान ह्यांनी उभं केलं. सहा वर्षांपूर्वी ह्यांची नजर अधू झाली, तेव्हापासून बाळ बघतो. बाळ म्हणजे माझा मुलगा. चौतीस वर्षांचा आहे, परवाना त्याच्या नावावर आहे, त्याची मुलगी दुसरीत आहे, पण माझ्या तोंडात बाळच बसलंय.

माझ्याकडे दोन कामं. दुपारी दोन ते चार दुकानात बसायचं, कारण तेव्हा बाळ जेवून आडवा होतो. आणि झोपेच्या नि मोठ्या दुखण्याच्या गोळ्यांची वेगळी नोंदवही लिहायची. या गोळ्या डॉक्टरच्या कागदाशिवाय देता येत नाहीत. कुणाला दिल्या, पत्ता काय, बॅच नंबर काय, किती दिल्या, सगळं लिहावं लागतं. बाळ कपट्यांवर खरडून देतो, मी वहीत उतरवते. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेलेली.

आता जे मी कुणाला सांगत नाही ते. सकाळी दिवा लावला की मी ती नोंदवही उघडते आणि एकेकाचं नाव घेऊन देवाला सांगते, याला आराम पडू दे. चार वर्षं झाली. सध्या एकसष्ट जण आहेत. त्यांची नावं इथे लिहिणार नाही, दुसऱ्याचं दुखणं आहे ते. नंबराने लिहीन. तेवीस नंबरात माझा जीव फार अडकलाय. अंथरुणाला खिळलेले म्हातारे गृहस्थ. बाळ म्हणाला, "आई, कंबरेचं हाड झिजलंय त्यांचं, दर आठवड्याला लागतात गोळ्या."

हे म्हणतात, "एवढ्यांना बरं करायला सांगतेस, देवाने ऐकलं तर आपलं दुकान बसेल की!"

१८ जानेवारी, बुधवार

मागच्या गल्लीतली शिवणवाली आली होती. एक चादर मधोमध विरली होती, तिच्या कडा काढून उशांचे अभ्रे शिवून हवे होते.

"वहिनी, ही चादर नाही, मासे धरायचं जाळं आहे."

"कडा बघ की, किती घट्ट आहेत."

"फाटलं म्हणून तुम्ही काही टाकलंय असं झालंच नाही कधी," म्हणाली आणि हसली. पण हसणं वरवरचं होतं. तिला नवरा नाही. एकच मुलगी, कॉलेजात जाते. ती सारखी झोपते म्हणे. परवा ताटावर बसल्या बसल्या डोळे मिटले. उठवलं तर अंगावर येते. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलंय.

बाळ वर चहाला आला होता, त्याने ऐकलं. म्हणाला, "मावशी, संध्याकाळी पाठवा तिला माझ्याकडे. शक्तीचं काहीतरी देतो. पैशांचं बघू नंतर."

ती गेल्यावर मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुकानदार झाला तरी माणुसकी राहिलीय. शिवणवालीची मुलगी नोंदवहीत नाही, पण उद्यापासून सगळ्यांच्या शेवटी तिचंही नाव घेणार.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज तपासणी झाली. एक फौजदारबाई आणि औषध खात्याचा एक माणूस. तो सारखा नाक ओढत होता. सगळ्याच दुकानांची तपासणी चाललीय म्हणाले. नोंदवही वर असते म्हणून बाळ आणायला उठला, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही थांबा, मी जाऊन येते."

वर आल्या आणि दाराबाहेर बूट काढले. मला ते फार आवडलं. नोंदवही मांडीवर घेऊन एकेक पान उलटत होत्या आणि मोबाईलवर फोटो काढत होत्या.

"काकू, हे अक्षर कुणाचं?"

"माझंच."

"छापल्यासारखं आहे. एक खाडाखोड नाही."

चार वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. मी चहा टाकला, आणि खरं सांगायचं तर पावडर नवी घातली, सकाळचीच उकळली नाही. मग माझं तोंड सुटलं. रोज नावं घेते तेही सांगून टाकलं. त्यांचा कप ओठांपाशीच थांबला.

"सगळी नावं?"

"तोंडपाठ आहेत."

"मग यातलं कुणी तुम्ही पाहिलंय?"

"छे हो. मी दुपारची बसते, हे सगळे संध्याकाळी येणारे. या गोळ्या माझ्या हातून कधी गेल्याच नाहीत. त्या कपाटाची किल्लीसुद्धा बाळाकडे असते."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

निघताना त्या मला वाकून नमस्कार करून गेल्या. अशी एक मुलगी देवाने मला दिली असती तर, असं वाटलं.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

बाळ कालपासून घुश्शात आहे. जेवताना ताट सरकवलं.

"तुला कुणी विचारलं होतं का सगळं पुराण?"

"विचारलं म्हणून तर सांगितलं."

"पोलिसांना चहा पाजतात, आई, माहिती नाही पाजत."

सून पोळ्या वाढत राहिली. हे भिंतीकडे तोंड करून जेवत होते. मग बाळालाच वाईट वाटलं असावं. माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "तुझ्या त्या वहीवर तर सगळं दुकान उभंय." मला बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

फौजदारबाई एकट्याच आल्या, साध्या कपड्यांत. बाळ बाहेर गेला होता. त्यांनी टेबलावर एक कागद पसरला.

"काकू, तुमच्या वहीत एकसष्ट पत्ते आहेत. आम्ही एकसष्ट ठिकाणी जाऊन आलो. एका पत्त्यावर पाण्याची टाकी आहे. एकावर बंद पडलेली शाळा. एका गल्लीत चाळीस नंबरचं घर लिहिलंय आणि गल्ली बावीसला संपते."

मी विचारलं, "तेवीस नंबर?" त्यांना कळलं नाही. मग मी नाव सांगितलं.

त्यांनी कागदावरून बोट खाली नेलं. "हे गृहस्थ खरे होते. नऊ वर्षांपूर्वी वारले."

नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या कंबरेला आराम पडावा म्हणून मी चार वर्षं हात जोडत होते. देवाला काय वाटलं असेल? हसला असेल का?

मी त्यांना म्हटलं, "कुणीतरी माझ्या मुलाला फसवतंय. खोटे कागद दाखवून गोळ्या नेत असतील. तो भोळा आहे हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "या गोळ्या कुटून, पाण्यात विरघळवून पोरं घेतात, काकू. एकदा लागल्या की सुटत नाहीत. आजारी माणसं आहेत, पण तुमच्या वहीतली नव्हेत."

बाळ आल्यावर मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हो आई, फसवलंच मला." बघा, मी म्हटलं तेच निघालं.

२० फेब्रुवारी, सोमवार

दिवा लावते. नावं घेता येत नाहीत. फक्त शिवणवालीच्या मुलीचं घेते आणि उठते. ती तरी खरी आहे, डोळ्यांनी पाहिलेली.

१ मार्च, बुधवार

शिवणवालीची मुलगी गेली. सकाळी उठलीच नाही.

३ मार्च, शुक्रवार

तिच्याकडे जाऊन बसले. मशीनवर कापड तसंच अर्धं शिवलेलं होतं, सुई आत. शिवणवाली रडत नव्हती. ती मुलीची गादी उलथीपालथी करत होती, जणू पोरगी आत कुठेतरी राहिलीय. आमच्याशिवाय खोलीत कुणी नव्हतं. मग तिने उशीतून काढलेल्या गोळ्यांच्या तीन रिकाम्या स्ट्रिप माझ्या हातात दिल्या.

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या. वाचून सांगा, कसल्या आहेत या?"

वाचायची गरज नव्हती. हे नाव मी दर आठवड्याला माझ्या हाताने लिहिलंय. कडेला बॅच नंबर होता, तोही ओळखीचा वाटला.

मी म्हटलं, "अंगदुखीच्या आहेत गं."

"म्हणजे अंग दुखत होतं तिचं. मला बोलली नाही."

"मी टाकून देते," म्हणून मी त्या पदराखाली घेतल्या आणि घरी आले. जिन्यात दोनदा बसावं लागलं. नोंदवही उघडली. बॅच नंबर तोच. बारा जानेवारी, दहा गोळ्या, तेवीस नंबर.

मी मॅट्रिक झाले तेव्हा वडील म्हणाले होते, आता तुला कुणी फसवू शकणार नाही.

४ मार्च, शनिवार

सून नातीला घेऊन शाळेत गेल्यावर मी बाळाला वर बोलावलं. स्ट्रिप आणि नोंदवही शेजारी शेजारी ठेवली. आधी म्हणाला, "अशा लाखो निघतात कंपनीतून." मी बॅच नंबरावर बोट ठेवलं. मग तो खाली फरशीवरच बसला आणि रडायला लागला. लहानपणी खोक पडली होती तेव्हा रडला होता, तसाच.

सगळं सांगितलं त्याने. दर मंगळवारी खोकी घेऊन गाडीतून एक चष्मेवाला येतो, मला "नमस्कार मातोश्री" म्हणतो. गोळ्या तो आणतो, संध्याकाळी नेणारी माणसंही त्याचीच. गोळ्या कुठे गेल्या हे कागदावर दिसायला नावं हवीत, ती यादीही तोच देतो. अशी अकरा दुकानं आहेत म्हणे.

"नाही म्हणायचं होतंस."

"त्याला माझ्या मुलीची शाळा माहीत आहे, आई. वर्गसुद्धा."

मी विचारलं, "आणि शिवणवालीच्या पोरीला?"

"तिला आधीच कॉलेजातून लागली होती सवय. माझ्याकडे यायला लागली. मी कमीच द्यायचो."

कमीच द्यायचो. हे वाक्य लिहून मी त्या अक्षरांकडे बघत बसलेय.

मग तो म्हणाला की वकिलाचं म्हणणं असं आहे, अक्षर माझं आहे. मी जर म्हटलं की दुपारी बसायचे तेव्हा मीच गोळ्या दिल्या, येईल त्याला, आणि भीतीने नावं मनाची लिहिली, तर बाळावर फक्त निष्काळजीपणा येतो. परवाना जाईल, तुरुंग चुकेल. "म्हाताऱ्या बाईला कुणी काही करत नाही, आई. जामीन लगेच मिळतो."

वकिलाला तो वीस फेब्रुवारीलाच भेटून आला होता. पुढचं बघायची सवय त्याला ह्यांच्याकडून आली आहे.

जाता जाता त्याने विचारलं, "ते कपटे तू जाळतेस ना?"

"जाळते कशाला? पाठकोरे आहेत, सामानाची यादी लिहायला होतात. चार वर्षांचे डब्यात आहेत."

त्याचा चेहरा पांढरा पडला.

५ मार्च, रविवार

दुपारी बादलीत पाणी घेतलं आणि कपटे भिजत घातले. त्याचं अक्षर निळं होऊन पाण्यावर आलं. मग हातांनी कुस्करले, लगदा पिळला आणि कचऱ्यात टाकला. दोन तास लागले. जाळले असते तर वास आला असता.

हे मोरीच्या दाराशी येऊन उभे होते. म्हणाले, "काय धुतेस?"

"फडकी."

"साबणाचा वास नाही."

ते तिथेच स्टूल ओढून बसले. म्हणाले, "मला माणसं दिसत नाहीत. पण पावलं ऐकू येतात. संध्याकाळी दुकानात यायची ती म्हाताऱ्यांची पावलं नव्हती. पळत यायची, पळत जायची."

"मग बोलला का नाहीत?"

"सकाळी नावं घेऊन उठायचीस तेव्हा तुझा आवाज इतका आनंदी असायचा."

माझा हात पाण्यात तसाच राहिला. चव्वेचाळीस वर्षं संसार केला, आणि या माणसाने माझ्या आनंदासाठी काय काय गिळलं ते मला मोरीत कळलं. की बाळासाठी गिळलं? विचारायचा धीर झाला नाही.

७ मार्च, मंगळवार

दुकानाला सील लागलं. शेजारपाजारच्या बायका गॅलरीत उभ्या होत्या. नोंदवही पिशवीत घालून, वर लाख लावून नेली. बाळाला नेलं. जाताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याला पहिल्यांदा शाळेत सोडलं तो दिवस आठवला.

फौजदारबाई मागे थांबल्या. या वेळी बूट काढले नाहीत.

"काकू, सरळ बोलते. तुमचा मुलगा मला नकोय. त्याच्या वरचा माणूस हवाय. पण मुलगा तोंड उघडत नाही. तुम्ही नुसतं लिहून दिलंत की नावं तो सांगायचा आणि तुम्ही उतरवायच्या, की त्याला बोलावंच लागेल. तो बोलला तर मी त्याच्यासाठी न्यायाधीशांपुढे शब्द टाकीन. अकरा दुकानं एका दिवसात बंद होतील."

मी विचारलं, "आणि नातीची शाळा?"

"शिपाई ठेवते दारात. माझी जबाबदारी."

"किती दिवस?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. आकडा सांगितला नाही. मग म्हणाल्या, "मागच्या गल्लीतली मुलगी या गोळ्यांनी गेलेली यंदाची चौथी. दवाखान्याचा अहवाल आला, तिच्या आईला काल सांगितलं. शुक्रवारी तुमचा जबाब घ्यायचाय. तुम्ही देवाला मानणाऱ्या आहात, म्हणून मी तुमच्यावर विसंबून आहे."

९ मार्च, गुरुवार

दिवा लावला नाही. सुनेने विचारलं तर तेल संपलं म्हटलं. बाटली भरलेली तिच्या समोरच होती.

देवाला काय सांगू? तुझ्यासमोर खरं बोलेन आणि माझं मूल तुरुंगात पाठवीन, की खोटं बोलेन आणि तुझ्यासमोर येणार नाही? दिवसभर उत्तराची वाट पाहिली. गॅसवर दूध उतू गेलं, तेवढंच काय ते झालं.

१० मार्च, शुक्रवार

जबाब दिला.

लहानशी खोली, लोखंडी टेबल, वर पंखा. लिहून घेणारा शिपाई सारखा पेन झटकत होता. मी म्हटलं, गोळ्या मी दिल्या. दुपारी. मुलगा झोपलेला असताना किल्ली त्याच्या खिशातून काढायचे.

फौजदारबाई म्हणाल्या, "दोन फेब्रुवारीला चहा पिताना तुम्ही मला सांगितलंत की एकही गोळी तुमच्या हातून गेलेली नाही."

"ते खोटं होतं."

"चार वर्षांत इतक्या हजार गोळ्या. कुणाला दिल्या?"

"येईल त्याला."

"नावं कुठून आणलीत?"

"मनाची लिहिली."

"नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाचं नाव, बापाच्या नावासकट, जुन्या पत्त्यासकट, तुमच्या मनात आलं?"

त्यांनी शिपायाला बाहेर पाठवलं, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि माझा हात हातात घेतला. त्यांचा हात गार होता.

"आणि त्या मुलीला, काकू? तिलाही तुम्हीच दिल्या?"

"हो."

त्यांनी हात सोडला. "मला माहीत आहे तुम्ही काय करताय," म्हणाल्या. "माझीही आई कदाचित हेच करेल. पण आज तुम्ही फक्त त्याला नाही वाचवलंत. अकरा दुकानं वाचवलीत."

मी सही केली. शिपाई म्हणाला, "आजींची सही काय सुंदर आहे!"

२८ मार्च, मंगळवार

नऊ दिवस मी तुरुंगात होते. वय आणि रक्तदाब बघून जामीन झाला, खटला चालायचाय. आतल्या दिवसांबद्दल लिहिणार नाही. तिथल्या बायका मला बरं वागवायच्या. एकीने विचारलं, "कशात आलीस, आजी?" मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझा भाऊ त्यातच गेला." मग तिने बोलणं सोडलं.

बाळ सुटला. परवाना गेला. पण देव अगदीच पाठ फिरवत नाही. त्याला दुसऱ्या गावी काम मिळालंय, औषधांच्या गोदामात. ओळख नसतानाही कुणीतरी त्याच्यासाठी शब्द टाकला म्हणे. राहायला जागासुद्धा देणार आहेत. पुढच्या महिन्यात सुनेला आणि नातीला घेऊन जाईल. "तुम्ही दोघं नंतर या, जरा बस्तान बसू दे," म्हणाला. मला पटलं. नव्या जागी आधी पाय रोवावे लागतात.

फौजदारबाईंची बदली झाली. पेपरात दोन ओळी होत्या. त्यांच्या जागी आलेले साहेब म्हणतात, प्रकरण स्पष्ट आहे, आरोपीने कबुली दिली आहे.

ह्यांनी बोलणं जवळजवळ सोडलंय. सकाळी मी उठते, देवाच्या कोनाड्यापुढून जाते, स्वयंपाकघरात शिरते. ते आपले कान देऊन ऐकत असतात.

११ एप्रिल, मंगळवार

आज शिवणवाली आली.

दुपारची वेळ होती. बाळ पलीकडच्या खोलीत सामान बांधत होता, सून नातीला आणायला गेली होती. मी दार उघडलं. ती केवढीशी झाली होती. मी "ये, बस" म्हटलं. ती बसली नाही.

"वहिनी, तुमच्याबद्दल लोक बोलले तेव्हा मी एकीच्या थोबाडीत मारली. खरंच मारली, विचारा कुणालाही. पेपरात आलं तरी मी म्हटलं, छापणाऱ्याला काय कळतंय. वीस वर्षं ओळखते मी यांना. फाटकी चादर टाकत नाहीत, त्या माणूस कसं टाकतील?"

पलीकडच्या खोलीत दोरी ओढल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"पोरगी शेवटचे आठ-दहा दिवस झोपेत बरळायची," ती म्हणाली. "दादा, एकच दे. दादा, उद्या देते. असं. तुमच्या मुलालाच ती दादा म्हणायची, दुसऱ्या कुणाला नाही. मी पोलिसांना हे सांगितलं नाही. म्हटलं, झोपेतलं बोलणं, त्यावर कुणाच्या घराला डाग लावायचा? आणि तुमचं घर. पण मला झोप येत नाही. आज ठरवलं, ठाण्यात जायचं आणि सांगून टाकायचं. निघाले, आणि मग वाटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुम्ही माझ्याशी खोटं बोलणार नाही."

हे आतल्या कॉटवर बसले होते. त्यांनी मान वर केली. त्यांना दिसत नाही, पण ते माझ्याकडेच बघत होते.

"सांगा, वहिनी. तुम्ही दिल्यात की दादाने?"

पोलिसांपुढे बोलले होते तेव्हा टेबल होतं, कागद होता, समोर बसलेलं माणूस सरकारी होतं. आता मधे काहीच नव्हतं. तिच्या बोटांना सुया टोचलेल्या दिसत होत्या. मी मनात म्हटलं, देवा, माझी जीभ झडू दे. जीभ नीट चालली.

"दादाने नाही," मी म्हटलं. "मीच."

"माझ्या पोरीला?"

"हो."

"ओळखून? माझीच आहे हे माहीत असून?"

"हो गं."

तिने मला मारावं असं वाटत होतं. तिने मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसतं "बरं" म्हणाली, जसं कापडाचं माप ऐकून म्हणायची, आणि जिना उतरून गेली.

मी गॅलरीत धावले. आमच्या कोपऱ्यावरून डावीकडे पोलीस ठाणं आणि उजवीकडे तिचं घर. ती कोपऱ्यावर उभी राहिली. एक सायकलवाला घंटी वाजवत तिला वळसा घालून गेला. बाळ माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो.

ती उजवीकडे वळली.

मला हायसं वाटलं. इतकं की डोळ्यांत पाणी आलं. हे मी लिहून ठेवतेय, कारण उद्या मी म्हणेन की असं झालंच नव्हतं.